अपघातात दुखापत झाली तर भरपाईचा दावा करावा का? नाशिककरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

रस्ता अपघातातून माणूस वाचला की दोन तऱ्हेचे सल्ले सुरू होतात. एकीकडून सांगितले जाते की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, तर दुसरीकडून सांगितले जाते की आता सोडू नका, विमा कंपनी लाखो रुपये देते. हे दोन्ही सल्ले बहुधा जखम, कागद आणि पॉलिसी यांपैकी काहीही न पाहता दिलेले असतात. माझ्या धाकट्या भावाला आडगावजवळ एका पिकअपने मागून धडक दिली, त्याच्या उजव्या मनगटात प्लेट बसवावी लागली आणि दाव्याची सगळी धावपळ माझ्याकडे आली. त्या काळात पोलीस ठाणे, रुग्णालय आणि सीबीएसजवळचे जिल्हा न्यायालय यांच्या फेऱ्यांत ज्या गोष्टी कळल्या, त्या येथे क्रमाने मांडल्या आहेत. मी वकील नाही. त्यामुळे अंतिम सल्ला वकिलाचाच घ्यावा. मात्र त्यांच्याकडे जाण्यापूर्वी आपले प्रकरण दाव्याच्या योग्यतेचे आहे का, याचा बराचसा अंदाज घरी बसून घेता येतो.

१. निर्णय सावकाश घ्या, नोंदी मात्र ताबडतोब करा

दावा करायचा की नाही, हे पहिल्या आठवड्यात ठरवण्याची गरज नसते. पण ज्या नोंदींवर तो दावा उभा राहतो किंवा कोसळतो, त्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतात. म्हणून मनात दावा करण्याचा विचार नसला तरी पुढील गोष्टी करून ठेवा.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार, रस्ता अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळू शकतात. त्यामुळे दाखल होताना रुग्णालय या योजनेत आहे का, हे तेथेच विचारा.

रुग्णालयात ‘एमएलसी’ म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद झाली आहे याची खात्री करून घ्या आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तातडीच्या विभागातील पहिल्या कागदावर जखम कशामुळे झाली, याची जी एक ओळ लिहिली जाते ती तिथल्या तिथे वाचा. भावाच्या कागदावर घाईगर्दीत ‘मोटारसायकलवरून पडून दुखापत’ एवढेच लिहिले गेले होते आणि धडक देणाऱ्या वाहनाचा उल्लेखच नव्हता. आम्ही त्याच रात्री ड्युटीवरील डॉक्टरांना भेटून ‘मागून आलेल्या चारचाकी वाहनाच्या धडकेने’ अशी दुरुस्ती त्यांच्या सहीनिशी करून घेतली. ती ओळ तशीच राहिली असती, तर हा माणूस स्वतःच घसरून पडला आणि वाहन नंतर जोडले गेले, असे विमा कंपनीच्या वकिलाने नक्कीच म्हटले असते.

फिर्याद शक्य तितक्या लवकर द्या. उपचारांत गुंतल्यामुळे झालेल्या उशिराने दावा आपोआप संपत नाही, पण त्या उशिराचे कारण फिर्यादीत स्पष्ट लिहिलेले असावे. अपघात दुसऱ्या हद्दीत झाला असला, उदाहरणार्थ कसारा घाटात, तरीही नाशिकच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे वर्ग करता येतो.

या टप्प्यावरचा सर्वांत मोठा धोका म्हणजे ठाण्याच्या आवारातच होणारी तडजोड. समोरचा माणूस हात जोडतो, गाडीच्या दुरुस्तीचे आणि औषधांचे पैसे देतो आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असा जबाब लिहून घेतो. मुका मार समजून सोडून दिलेल्या गुडघ्यात अस्थिबंध तुटल्याचे पुढे एमआरआयमध्ये दिसते, तेव्हा तोच जबाब आडवा येतो. एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञांची तपासणी होईपर्यंत अशा कोणत्याही कागदावर सही करू नका, मग समोरचा माणूस कितीही भला वाटो.

२. स्वतःला तीन प्रश्न विचारा

चूक दुसऱ्या कोणाची होती का, आणि ती कागदावर दिसते का? मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १६६ खालच्या दाव्यात समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. त्यासाठी फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते, एवढेच मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे असे दावे चालवणारे न्यायालय, पाहते. प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर), घटनास्थळ पंचनामा, दोन्ही वाहनांचा तपासणी अहवाल आणि एखादा साक्षीदार, एवढ्यावर बहुतेक दावे उभे राहतात. पंचनाम्याच्या नकाशात वाहने कोणत्या बाजूला दाखवली आहेत, हे स्वतः पाहा. द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या वर्दळीच्या चौकात अपघात झाला असेल, तर आसपासच्या दुकानांच्या सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून ते जप्त करण्याचा लेखी अर्ज तपासी अंमलदारांना लगेच द्या आणि त्याची पोच घ्या.

तुमचीही थोडी चूक असेल, तर दावा संपत नाही, पण चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते. हेल्मेट नसणे हा कपातीसाठी हमखास वापरला जाणारा मुद्दा आहे. केवळ परवाना नव्हता, एवढ्यावरून अपघातात तुमची चूक होती असे ठरत नाही. रिक्षातील किंवा बसमधील प्रवाशाला तर चूक दोन चालकांपैकी कोणाची, या वादात पडण्याचेही कारण नाही, कारण दोघेही दोषी असतील तर तो कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो.

दुसरा प्रश्न नुकसानीचा. दुखापतीमुळे मोजता येण्याजोगे नुकसान झाले आहे का? यावर पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण बहुतेकांचा अंदाज येथेच चुकतो.

तिसरा प्रश्न असा, की पैसे देणारा कोणी आहे का? वाहनाचा क्रमांक परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर टाकला की विमा कंपनी आणि पॉलिसीची मुदत दिसते. अपघाताच्या दिवशी विमा चालू असेल तर मोठी अडचण दूर झाली. चालकाकडे वैध परवाना नसला, तरी पुष्कळ प्रकरणांत विमा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो. विमा नसेल तर जबाबदारी चालक आणि मालक यांच्यावर येते. अशा वेळी आदेश मिळवण्यापेक्षा वसुली जड जाते, म्हणून मालकाच्या नावावर काही आहे का, याची चौकशी आधीच करावी. एसटी बसच्या बाबतीत महामंडळालाच प्रतिवादी करावे लागते.

येथे एक बाब सांगितलीच पाहिजे. तुम्ही मित्राच्या दुचाकीवर मागे बसला होता आणि चूक मित्राचीच असेल, तर त्या दुचाकीचा विमा केवळ त्रयस्थ पक्षाचा (थर्ड पार्टी) आहे की सर्वसमावेशक, यावर सारे अवलंबून असते. केवळ त्रयस्थ पक्षाच्या पॉलिसीत मागे बसणाऱ्याचे संरक्षण साधारणपणे नसते.

३. दुखापतीचे वजन ओळखा

कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापत कोणती, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये सांगितले आहे. हाड मोडणे किंवा सांधा निखळणे, दात तुटणे, डोळ्याची दृष्टी किंवा कानाचे ऐकणे कायमचे जाणे, एखादा अवयव किंवा सांधा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, तसेच ज्या दुखापतीमुळे जिवाला धोका होतो किंवा माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत असतो अथवा आपले नेहमीचे व्यवहार करू शकत नाही, अशी दुखापत यात येते. जुन्या दंड संहितेत हाच कालावधी वीस दिवसांचा होता. करंगळीचे हाड मोडले तरी कायद्याच्या लेखी ती गंभीर दुखापत आहे. उलट, चार टाके पडले आणि आठवड्याभरात माणूस कामावर गेला, तर ती बहुधा साधी दुखापत ठरते.

मात्र भरपाईची रक्कम केवळ ‘गंभीर’ या शब्दावर ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हे फार नेमकेपणाने समजावले आहे. शरीराचे अपंगत्व किती टक्के, हा एक प्रश्न आहे, आणि त्यामुळे त्या माणसाची कमाईची क्षमता किती घटली, हा दुसरा. न्यायाधिकरणाला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण घेतले तर हे लगेच पटेल. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येणाऱ्या एखाद्या मजूर बाईच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पकड गेली, तर प्रमाणपत्रावर अपंगत्व अगदी थोडे दिसेल. पण गोडी छाटणीत कात्री चालवणे आणि पुढे घडांची विरळणी करणे हे सगळे त्याच बोटांचे काम असते, आणि मुकादम तिला टोळीत घेईनासा होतो. त्याच जखमेने बँकेतील अधिकाऱ्याचा पगार एक रुपयानेही कमी होणार नाही. भावाच्या बाबतीत असेच झाले. त्याचे मनगट पूर्ण वळत नव्हते, त्यामुळे लेथवर जॉब बसवताना चकची किल्ली त्याला आवळता येत नसे. कारखान्याने त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवले आणि ओव्हरटाइम बंद झाला. ही बदली सांगणारे कारखान्याचे पत्र आमच्या कागदांमध्ये प्रमाणपत्राइतकेच महत्त्वाचे ठरले.

हिशोब साधारण असा चालतो. समजा वय ३४, महिन्याची कमाई १५,००० रुपये आणि कमाईच्या क्षमतेतील घट २० टक्के धरली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाने २००९ मध्ये ठरवून दिलेल्या तक्त्यानुसार ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्या आकड्याने गुणायचे तो, १६ आहे. म्हणजे १५,००० गुणिले १२, गुणिले १६, आणि त्याचे २० टक्के, असे ५,७६,००० रुपये होतात. पुढे उत्पन्न वाढले असते, हे गृहीत धरून यात आणखी भर पडू शकते. याशिवाय उपचारांचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, सोबत राहणाऱ्या माणसाचा व प्रवासाचा खर्च, पुढे प्लेट काढण्यासारख्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि वेदनांबद्दलची रक्कम स्वतंत्रपणे मागता येते.

दोन गैरसमज येथेच दूर केलेले बरे. चाळीस टक्के अपंगत्व असेल तरच दावा करता येतो, असे पुष्कळ जण समजतात. ती मर्यादा सरकारी सवलतींसाठी आहे, अपघाताच्या भरपाईशी तिचा संबंध नाही. दुसरे, मेडिक्लेममधून बिल भागले म्हणजे उपचारखर्च मागता येत नाही, असे सांगितले जाते. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

४. आपला मार्ग कोणता, ते ठरवा

चूक दुसऱ्याची आहे, वाहन माहीत आहे आणि नुकसान मोठे आहे, अशा वेळी कलम १६६ चा दावा हाच मुख्य मार्ग. तो अपघात झाला तेथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तेथे, अथवा प्रतिवादी राहतो तेथे दाखल करता येतो. म्हणजे धुळ्याजवळ अपघात झालेल्या नाशिककराला धुळ्याला खेटे घालण्याची गरज नाही.

चूक सिद्ध करणे अवघड असेल, तर कलम १६४ आहे. त्यात समोरच्याची चूक दाखवावी लागत नाही आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, मृत्यूसाठी पाच लाख रुपये ठरलेले आहेत. पण एक अट नीट समजून घ्या. विमा कंपनीमार्फत कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. ज्याच्या हाताची ताकद कायमची गेली आहे, त्याने घरात पैशांची निकड आहे म्हणून वकिलाला न विचारता ही रक्कम स्वीकारणे फार महागात पडते.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेत गंभीर दुखापतीसाठी ५०,००० आणि मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज न्यायालयात नव्हे, तर अपघात झालेल्या भागातील उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो.

वाहनाची धडक नसून खड्ड्यामुळे किंवा उघड्या चेंबरमुळे अपघात झाला असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाचा आधार घ्या. त्यात मृत्यूसाठी सहा लाख आणि दुखापतीसाठी स्वरूपानुसार ५०,००० ते अडीच लाख रुपयांची भरपाई रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेने द्यावी, असे सांगितले आहे. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जाऊ शकतो, म्हणून त्याचे तारीख-वेळेसह छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवा.

कामावर असताना वाहनाचा अपघात झाला, तर कामगार भरपाई आणि मोटार अपघात भरपाई यांपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

५. कोणत्या प्रकरणात दावा करू नये

खरचटणे, मुका मार, थोडी औषधे आणि चार-पाच दिवसांची रजा, एवढ्यावर प्रकरण थांबले असेल आणि तपासण्यांत दुसरे काही आढळले नसेल, तर माझ्या मते दाव्यात पडू नये. तारखांना बुडणारी मजुरीच मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होते. अशा वेळी सर्व तपासण्या झाल्यावर, लेखी स्वरूपात आणि बँकेमार्फत खर्च घेऊन समझोता करणे योग्य.

चूक पूर्णपणे तुमची असेल आणि दुसरे वाहन गुंतलेले नसेल, तर न्यायाधिकरणाकडे जाण्यात अर्थ नाही. स्वतःच्या पॉलिसीतील वाहनमालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण पाहा. ते मृत्यू आणि ठरावीक कायमस्वरूपी अपंगत्वासाठीच असते, उपचाराच्या बिलासाठी नसते.

आणि जे घडलेच नाही ते रचून दावा करण्याचा सल्ला कोणी दिला, म्हणजे खोटा साक्षीदार उभा करायचा किंवा विमा असलेले दुसरेच वाहन दाखवायचे, तर त्या माणसाशी संबंध तोडा. तो गुन्हा आहे आणि त्यामुळे खऱ्या जखमींकडेही संशयाने पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

६. मुदतीचा हिशोब ठेवा

१ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ चा दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करण्याची तरतूद लागू आहे. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो पाठवला का, हे तपासी अंमलदारांना विचारत राहा आणि स्वतःचा अर्जही तयार ठेवा.

व्यवहारात असे करावे. महिन्याभराने, सूज उतरल्यावर, डॉक्टरांना पुढे काय राहील हे स्पष्ट विचारा. तीन महिन्यांच्या सुमारास दुसऱ्यांदा विचारा आणि चौथ्या महिन्यात वकिलांकडे जा. उपचार संपलेले नसले तरी दावा दाखल करता येतो आणि पुढची बिले पुराव्याच्या वेळी जोडता येतात. व्याजही अर्ज दाखल केल्यापासून मोजले जाते, म्हणून विनाकारण थांबण्यात तोटाच आहे.

७. जमवायची कागदपत्रे

- प्राथमिक माहिती अहवाल, घटनास्थळ पंचनामा, वाहन तपासणी अहवाल आणि पुढे दोषारोपपत्राची प्रत
- एमएलसी, पहिला केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे व एमआरआयच्या मूळ फिल्म आणि अहवाल
- औषधांची व रुग्णालयाची बिले, त्यांवर जखमीचे नाव असलेली
- समोरच्या वाहनाचे नोंदणीपत्र, पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती
- जखमीचे आधार, पॅन, वयाचा पुरावा, बँक पासबुक आणि स्वतःचा वाहन परवाना
- पगारपत्रक, रजेचा दाखला, आयकर विवरणपत्र किंवा मालकाचे पत्र
- अपंगत्व प्रमाणपत्र

मेडिकल दुकानाच्या पातळ कागदावरील छपाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून त्या बिलांच्या झेरॉक्स लगेच काढा. पगारपत्रक नसलेल्या माणसाने निराश होऊ नये. भाजीपाला विकणारा, रिक्षाचालक, शेतमजूर यांच्यासाठी बँकेतील व्यवहार, बाजार समितीच्या पावत्या, मुकादमाची वही किंवा साक्ष चालते. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आधारे अंदाज बांधते.

अपंगत्व प्रमाणपत्र जिल्हा शासकीय रुग्णालयातून किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून घेता येते, पण ते देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधी विचारा. साक्षीविना नुसत्या प्रमाणपत्राला फारसे वजन मिळत नाही.

८. वकील आणि तडजोड

रुग्णालयाच्या दारात कार्ड देणाऱ्या मध्यस्थापासून लांब राहा. भरपाईतील टक्केवारीवर फी ठरवणे बार कौन्सिलच्या आचारनियमांनुसार वकिलांना निषिद्ध आहे. त्यामुळे कोणी तसे बोलले, तर तेवढ्यावरूनच दुसरा वकील शोधावा. फी आणि खर्च आधी लिहून घ्या, कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका आणि मूळ कागद देताना यादीवर पोच घ्या.

फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कारखान्यातील कामगार यांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे.

पहिल्या भेटीत वकिलांना पाच गोष्टी विचारा. आपल्या कागदांतील सर्वांत कमकुवत दुवा कोणता, चुकीचा किती वाटा आपल्यावर येऊ शकतो, विमा कंपनी कोणता आक्षेप घेईल, कमाईतील घट दाखवायला कोणता साक्षीदार लागेल आणि लोकअदालतीत प्रकरण ठेवावे का. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील करता येत नाही. म्हणून तेथे जाण्यापूर्वी वरच्या हिशोबाने आपली किमान रक्कम घरी ठरवून कागदावर लिहा आणि विमा कंपनीचा आकडा त्या कागदाशी ताडूनच होकार द्या.